स्त्रीबुद्धीचे मोजमाप : एका जुन्या वादाचा इतिहास

स्त्रीची बुद्धी पुरुषाच्या बुद्धीहून निराळी असते काय, आणि निराळी असल्यास ती उणी असते काय, हे वस्तुतः दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. परंतु महाराष्ट्रात काय किंवा युरोपात काय, ते बहुधा एकच समजून चर्चिले गेले. पूर्वी त्यांचा निकाल वचनांनी लावीत; स्त्रीबुद्धीने चालणाऱ्याचा विनाश होतो अशा अर्थाचे संस्कृत वचन त्या कामी सर्वांच्या तोंडी असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वचनाची जागा तराजूने घेतली, नंतर मोजपट्टीने, आणि अखेरीस प्रश्नपत्रिकेने. साधने बदलली, निकाल मात्र बराच काळ तोच राहिला, आणि पुढे साधने अधिक नेमकी होत गेली तसतसा तोही बदलला. हा इतिहास शिक्षकांनी अवश्य जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते. दहावीनंतर कोणत्या मुलीने गणित घ्यावे आणि कोणत्या मुलीने सोडावे, याचा सल्ला आज तराजू देत नाही. तो आपण देतो.

आमच्या ग्वाल्हेरीतूनच आरंभ करू. दौलतराव शिंदे १८२७ साली निपुत्रिक वारले आणि त्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३३ पर्यंत राज्याचा कारभार पाहिला. त्यांची हिशेबातील व सावकारी व्यवहारातील जाण प्रसिद्ध होती. पुढे जनकोजीरावांच्या पक्षास सैन्य मिळाल्यामुळे त्यांना राज्य सोडावे लागले. १८३५ साली फतेगड येथे त्यांची व फॅनी पार्क्स या इंग्रज प्रवासिनीची भेट झाली. पार्क्सबाईंनी आपल्या प्रवासवर्णनात या भेटींची हकीकत विस्ताराने दिली आहे. इंग्रज स्त्रिया घोड्याच्या एकाच बाजूस दोन्ही पाय सोडून बसतात, हे बायजाबाईंच्या परिवारातील स्त्रियांना मोठे विचित्र वाटले. त्या स्वतः पुरुषांप्रमाणे मांड ठोकून बसत. पार्क्सबाईंनीही मराठी पोशाख करून तशी रपेट करून पाहिली व ती त्यांना अधिक सोयीची वाटली. विवाहित इंग्रज स्त्रीस कायद्याने किती थोडे स्वातंत्र्य आहे, याविषयीही त्या दोघींचे बोलणे झाले. एका देशात जी गोष्ट स्त्रीच्या प्रकृतीस न मानवणारी ठरते, ती दुसऱ्या देशात तिच्या नित्याच्या सवयीची असते, एवढे या लहानशा प्रसंगावरून ध्यानात यावे.

तथापि बायजाबाईंचे उदाहरण दिले, किंवा या शहरी जिची समाधी आहे त्या झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे दिले, तरी प्रतिपक्षाचे समाधान होत नसे. त्याचे उत्तर ठरलेले असे : हे अपवाद होत. आणि तर्काच्या दृष्टीने हे उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते. एका कर्तबगार स्त्रीवरून सर्व स्त्रियांविषयी विधान करता येत नाही, हे खरेच. म्हणूनच उदाहरणांच्या पलीकडे जाऊन मोजण्याकडे लोक वळले.

पहिले मोजमाप मेंदूच्या वजनाचे. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ च्या सुमारास शवविच्छेदनांतून मेंदूंची वजने जमविली. सरासरीने स्त्रीचा मेंदू हलका भरला. स्त्रीचे शरीरही सरासरीने लहान असते हे ब्रोका यांना ठाऊक होते. परंतु स्त्री बुद्धीने उणी आहे हे आधीच ठाऊक असल्यासारखे मानून त्यांनी देहमानाच्या कारणास पुरेसे महत्त्व दिले नाही. जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरण्याचा हा दोष होय. १८८७ साली इंग्लंडात जॉर्ज रोमेनिस यांनी स्त्रीच्या मेंदूत सुमारे पाच औंस कमी असतात असे सांगून त्यावर बुद्धीच्या उणेपणाचा सिद्धांत उभारला. त्यापूर्वी १८७३ साली बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी असे प्रतिपादिले होते की, मुलींनी मुलांसारखा अभ्यास केल्यास त्यांची प्रजननशक्ती क्षीण होते. पुढील वर्षी लंडनचे हेन्री मॉड्स्ली यांनी तेच मत उचलले. त्यास एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या स्त्री-डॉक्टरने त्याच वर्षी उत्तर दिले. दिवसभर राबणाऱ्या मोलकरणींच्या प्रकृतीची काळजी कोणी वाहत नाही, अभ्यास करणाऱ्या मुलींचीच वाहतात, असा त्या उत्तराचा एक मार्मिक मुद्दा होता.

तराजूचा दावा मोडला तो मात्र मोजपट्टीनेच. लंडनमध्ये अॅलिस ली या संशोधिकेने जिवंत व्यक्तींच्या डोक्याच्या मापांवरून कवटीचे आकारमान काढण्याची रीत बसविली, आणि तिने नामांकित शरीरशास्त्रज्ञ, विद्यापीठातील अध्यापक व स्त्री-महाविद्यालयातील विद्यार्थिनी यांची मापे शेजारी शेजारी मांडली. १९०१ साली तिचा निबंध प्रसिद्ध झाला. कवटीचा आकार आणि बुद्धी यांचा काही संबंध दिसेना. काही ख्यातनाम विद्वानांची डोकी कित्येक विद्यार्थिनींहून लहान निघाली. मेंदूच्या वजनावर स्त्रीशिक्षणाचा निकाल लावण्याचे दिवस तेथून ओसरू लागले.

हे सर्व तिकडे चालले असता आपल्याकडे काय चालले होते? १८४८ साली पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हाचा विरोध धर्माचा व रूढीचा होता. मेंदूच्या वजनाचा नव्हता. १८८२ हे वर्ष या दृष्टीने विशेष महत्त्वाचे. त्या वर्षी ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक पुण्यात छापले गेले. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेवरील बालहत्येच्या खटल्यानंतर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीची जी निंदा झाली, तिला ते उत्तर होते. जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत त्याहून कमी आहेत काय, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. ज्या शीर्षकात ‘तुलना’ हा शब्द आहे, त्या पुस्तकाची विद्वानांनी त्या काळी फारशी दखल घेऊ नये, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुनर्मुद्रण करीपर्यंत ते विस्मृतीत राहावे, ही गोष्ट मराठी साहित्याच्या अभ्यासकांना विचार करावयास लावणारी आहे. त्याच १८८२ साली पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे साक्ष देऊन शिक्षिका, स्त्री-निरीक्षक व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊनच त्यांना ‘पंडिता’ म्हटले होते. आणि याच साली इंग्लंडात विवाहित स्त्रीस मालमत्तेचा स्वतंत्र हक्क देणारा कायदा झाला.

१८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. तीच पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झालेली शाळा. तेव्हापासून वादाचे स्वरूप पालटले. मुलींस शिकवावे की नाही, हा प्रश्न मागे पडून मुलींस काय शिकवावे हा पुढे आला. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी त्या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. इंग्रजी विद्या व मुलांच्या शाळेसारखे दीर्घ तास यांऐवजी गृहकर्तव्यास उपयोगी असे शिक्षण हवे, हा त्या टीकेचा रोख होता. उलट ‘सुधारक’कार आगरकरांनी स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे, आणि तेही एकत्र द्यावे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. आगरकर मिल व स्पेन्सर या दोघांचेही वाचक. स्पेन्सर यांच्या मते स्त्रीच्या मनाची वाढ लवकर थांबते. मिल यांनी १८६९ साली लिहिले होते की, स्त्री आजवर दडपणाखालीच पाहिली गेली असल्याने तिची खरी प्रकृती काय, हे कोणासही सांगता येणार नाही. या दोन गुरूंपैकी या प्रश्नात आगरकर कोणाच्या बाजूस गेले हे उघड आहे. मिल यांचा तो मुद्दा आजही शास्त्राला पुरून उरला आहे.

परीक्षा हे बुद्धीचे माप मानावयाचे तर तेही लवकरच हाती आले. नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या डेक्कन कॉलेजातील पहिल्या विद्यार्थिनी. पदवी परीक्षेत आपण आपल्या तुकडीत पहिल्या आलो, परंतु त्यामुळे मिळावयाची विलायतेची शिष्यवृत्ती स्त्री म्हणून नाकारली गेली, असे त्यांनी नमूद केले आहे. पुढे त्या ऑक्सफर्डला गेल्याच. गणिताचे उदाहरण याहून बोलके आहे. रघुनाथराव परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने जपली आहे व ते योग्यच आहे. परंतु त्याच परीक्षेत नऊ वर्षे आधी, १८९० साली, फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीस त्या वर्षीच्या सीनिअर रँग्लरहून अधिक गुण मिळाले होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. तिचे नाव ‘सीनिअर रँग्लरच्या वर’ असे वाचले गेले. रँग्लर ही पदवी मात्र तिला मिळाली नाही, कारण केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली. परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई यांनीही पुढे केंब्रिजलाच गणिताचा ट्रायपॉस पुरा केला.

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. त्यामागे जपानच्या महिला विद्यापीठाची प्रेरणा होती. मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रियांच्या जीवनास अनुरूप विषय ही त्याची दोन सूत्रे. पहिल्या सूत्राचे द्रष्टेपण आज सर्वमान्य आहे. दुसऱ्याविषयी मतभेद तेव्हाही होता. ज्या काळी सामान्य विद्यापीठाची दारे बहुसंख्य स्त्रियांना उघडी असून बंदच होती, त्या काळी या संस्थेने हजारोंना आत घेतले, हे श्रेय कोणीही हिरावू शकत नाही. परंतु ‘अनुरूप’ म्हणजे काय हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही.

याच कर्व्यांची स्नुषा इरावतीबाई. त्या १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानववंशशास्त्रात संशोधन करू लागल्या. विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता. ही असमानता वंशावर अवलंबून असून युरोपीय कवटीत ती अधिक आढळेल, आणि त्यातून युरोपीयांचे बौद्धिक श्रेष्ठत्व सूचित होईल, अशी गुरूंची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या व वंशभेदाचा असा पुरावा नाही, असे लिहिले. ‘युगान्त’च्या लेखिकेचे हे पहिले मोठे काम साहित्याच्या वाचकांस सहसा ठाऊक नसते. विषय वंशाचा होता, लिंगाचा नव्हता. परंतु ब्रोका यांच्या हातून जी चूक झाली ती नेमकी येथे टळली. अपेक्षा मोठ्या आचार्यांची होती. आकडे तिला अनुकूल नव्हते. आणि एका परदेशी विद्यार्थिनीने आकड्यांची बाजू घेतली.

दुसरी हकीकत आमच्या माळव्याशी जोडलेली आहे. इंदूर येथे जन्मलेल्या दोन भगिनींपैकी दुर्गाबाई भागवत मराठी साहित्यात अजरामर झाल्या. धाकट्या कमलाबाई शास्त्राकडे गेल्या. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र घेऊन अग्रक्रमाने उत्तीर्ण झाल्या व बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी त्यांनी अर्ज केला. संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाई प्रत्यक्ष जाऊन उभ्या राहिल्या व कारण लेखी मागू लागल्या. अखेर पहिले वर्ष परीक्षाधीन, काम समाधानकारक वाटल्यासच पुढे मान्यता, आणि प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशा अटींवर प्रवेश मिळाला. १९३६ साली त्या विशेष प्राविण्यासह एम. एस्सी. झाल्या. नंतर केंब्रिजला जाऊन वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते, असा शोध त्यांनी लावला आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळविली. विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. रामन यांनी पुढे आपल्या प्रयोगशाळेत स्त्रियांना प्रवेश दिला. अॅना मणी त्यांतल्याच. कमलाबाईंची योग्यता अटी लागू होण्यापूर्वी गुणपत्रिकेवर सिद्ध झालेली होती. मोजमाप हाती असूनही ते न वाचण्याचे हे उदाहरण.

आता बुद्धिमापन कसोट्यांकडे वळू. फ्रान्समध्ये बिने व सिमाँ यांनी १९०५ साली पहिली उपयुक्त कसोटी रचली. आपल्याकडे धारवाडचे व. वि. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. अमेरिकेत टर्मन यांच्या १९१६ च्या कसोटीत मुलगे व मुली यांच्या बुद्ध्यंकात लक्षणीय अंतर आढळले नाही. मुली किंचित पुढेच होत्या. येथे शिक्षकांनी एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घ्यावी. टर्मन व मेरिल यांनी १९३७ साली कसोटीची सुधारित आवृत्ती केली, तेव्हा ज्या प्रश्नांत एकाच लिंगास विशेष लाभ होतो असे प्रश्न गाळण्यात आले. तेव्हा एकूण बुद्ध्यंक समान येतो, यावरून बुद्धी समान असे सिद्ध करणे युक्त नव्हे. समानता काही अंशी कसोटीच्या रचनेतच आहे. स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनीही दुबळ्या पुराव्यावर घर बांधू नये.

म्हणून निरनिराळ्या शक्ती निरनिराळ्या मोजणे प्राप्त झाले. शिकागो येथे हेलन टॉम्सन यांनी २५ पुरुष व २५ स्त्रिया घेऊन केलेला अभ्यास १९०३ साली ग्रंथरूपाने आला. भेद थोडे व बहुतांशी संगोपनाने समजण्याजोगे निघाले. १९७४ साली मॅकोबी व जॅकलिन यांनी तोवरचे शेकडो अभ्यास तपासले. भाषेत मुली पुढे, अवकाशाच्या कल्पनेत व गणितात मुलगे पुढे, आणि आक्रमकता मुलांत अधिक, एवढे चारच भेद त्यांना बऱ्यापैकी प्रस्थापित वाटले. २००५ साली जॅनेट हाइड यांनी अशा ४६ संकलित अभ्यासांचा आढावा घेतला. तपासलेल्या भेदांपैकी ७८ टक्के भेद अल्प किंवा शून्यवत होते. २००८ साली अमेरिकेतील दहा राज्यांतील सुमारे ७० लाख विद्यार्थ्यांचे गणिताचे गुण तपासले असता सरासरीत फरक दिसला नाही. चारांपैकी एक भेद असा जवळजवळ विरून गेला.

जे भेद उरतात ते लपविण्याचे कारण नाही. वस्तू मनात फिरवून पाहण्याच्या कसोटीत पुरुषांची सरासरी आजही बरीच वर असते. परंतु २०११ साली ईशान्य भारतातील दोन शेजारी समाजांत अशाच धर्तीचे एक कोडे सोडवून घेण्यात आले. कार्बी समाज पितृवंशीय. तेथे पुरुष लवकर सोडवीत. खासी समाज मातृवंशीय, जमीन स्त्रियांच्या हाती. तेथे अंतर दिसले नाही. शिवाय २०१३ साली २१७ अभ्यासांच्या संकलनातून असे दिसले की ही शक्ती सरावाने वाढते, दोघांतही वाढते, आणि ती वाढ टिकते. अत्युच्च गुणांचा प्रश्नही असाच. तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलामुलींत गणिताच्या एका कठीण परीक्षेत शिखरावर असणाऱ्यांचे प्रमाण १९८३ साली तेरा मुलांमागे एक मुलगी असे नोंदले गेले होते. पुढील दोन-तीन दशकांत ते सुमारे चारास एक इतके खाली आले. शिखरावर मुलगे अधिक हे अद्याप खरे. परंतु तीस वर्षांत मनुष्याची प्रकृती बदलत नाही, शाळा बदलतात. तेरा व चार यांमधील अंतर तरी शाळांनीच भरून काढले असले पाहिजे.

दुसरी बाजूही सांगावयास हवी, कारण ती आपल्या वर्गात रोज बसलेली असते. वाचनात मुली मुलांच्या पुढे आहेत, आणि २००० सालापासून होणाऱ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत हे देशोदेशी आढळले आहे. शाळेत शिक्षकांनी दिलेल्या गुणांचा विचार केला तर मुली जवळजवळ सर्वच विषयांत पुढे असतात; १९१४ ते २०११ या काळातील अभ्यासांचे संकलन २०१४ साली प्रसिद्ध झाले, त्यातही असेच दिसले. आपल्या शालान्त परीक्षांच्या निकालातही मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण अधिक असते, हे दरवर्षी वृत्तपत्रे छापतात. यावरून आता पुरुषबुद्धी उणी असा सिद्धांत कोणी मांडील काय? कोणी मांडीत नाही. मुलांचे अभ्यासात लक्ष नसते, असे आपण म्हणतो. मागे पडलेल्या मुलाच्या बाबतीत आपण कारण शोधतो. मागे पडलेल्या मुलीच्या बाबतीत, निदान गणितात, आपण स्वभाव शोधतो. हा पक्षपात ब्रोका यांच्या तराजूचाच वंशज होय.

या इतिहासातून आमच्या मते तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, सरासरीवरून व्यक्तीचा निर्णय करता येत नाही. दोन समूहांच्या सरासरीत अल्प अंतर असले तरी समोर बसलेल्या एका मुलीविषयी ते अंतर काहीच सांगत नाही. तिची वही सांगते. दुसरी, जेथे भेद आढळतो तेथे तो सरावाने किती कमी होतो हे पाहिल्यावाचून त्यास प्रकृती म्हणू नये. भूमितीची आकृती फळ्यावर काढण्यास, प्रयोगशाळेत उपकरण जुळविण्यास वर्गातून कोण उठते, हे आपण मोजले तर सरावाचा वाटा कोणास किती मिळतो ते कळेल. मुलांकडून मोठ्याने वाचून घेणे व त्यांच्या हाती गोष्टीचे पुस्तक देणे, हीही त्याच न्यायाची दुसरी बाजू. तिसरी, विषय सोडण्याचा सल्ला हा विषय घेण्याच्या सल्ल्याहून अधिक जबाबदारीचा आहे. दहावीत सोडलेले गणित पुढे परत घेता येणे दुर्मिळ. त्या एका होकाराने अभियांत्रिकीपासून अर्थशास्त्रापर्यंत अनेक दारे लागतात, आणि ती लावणाऱ्यांत पालकांबरोबर आपणही असतो.

कमला भागवत यांच्यापाशी गुणपत्रिका होती, संचालकापुढे उभे राहण्याचे धैर्य होते, आणि घरात रसायनशास्त्र जाणणारे वडील व चुलते होते. आपल्या वर्गातील बहुतेक मुलींपाशी यांपैकी पहिली गोष्ट असते, दुसरी क्वचित, तिसरी बहुधा नसतेच. ती उणीव भरून काढण्यास जो कोणी प्रथम हाताशी असतो, तो शिक्षक होय.